निवासी मोटारगाडीची चाके व टायर

झोपणे, स्वयंपाक, पाणीसाठा व सामान ठेवणे यांची कायम सोय असलेल्या स्वयंचलित वाहनाला निवासी मोटारगाडी किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात. अशा गाडीचा सांगाडा बहुधा मालवाहू व्हॅनचा असतो. तीवर चढविलेले घर मात्र मालासारखे उतरविता येत नाही. मालवाहू व्हॅन दिवसाचा काही काळ भरलेली व काही काळ रिकामी धावते. निवासी गाडी तिच्या कमाल अनुज्ञेय वजनाच्या जवळपास सदैव भरलेली असते. उभी असतानाही तिच्या टायरांवरचा भार कमी होत नाही. त्यामुळे जुनी चाके वा टायर बदलताना गाडीवर काय बसते एवढे पाहून भागत नाही, काय पेलते हेही पाहावे लागते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, ही जाणीव हळूहळू झाली. टायरच्या कडेवर व चाकाच्या आतील बाजूस आज आढळणारे आकडे आणि अक्षरे हे त्या जाणिवेचे लिखित रूप होय.

पूर्वपीठिका : लाकडी चाकात तुंबा, आरे व पाटे हे भाग भार पेलत आणि लोखंडी धाव ते एकत्र आवळून धरीत असे. धाव तापवून चढविली जाई व थंड होताना आकसून घट्ट बसे. चाकाची ताकद कारागिराच्या नजरेला दिसे. तडा गेलेला आरा किंवा सैल झालेली धाव कोणालाही ओळखता येई. स्कॉटिश लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ब्रिस्टल येथील कारखान्यात १८८५ मध्ये बांधलेली ‘द वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची निवासी गाडी हौशी प्रवासाच्या आरंभीच्या वाहनांपैकी एक मानली जाते.

हवा भरलेल्या टायरची कल्पना त्यापूर्वीची आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये तिचे ब्रिटिश एकस्व मिळविले. त्यांच्या टायरात रबर लावलेल्या कापडाची नळी व तीवर चामड्याचे आवरण होते. मात्र ही कल्पना व्यवहारात रुजली नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर बनविला व पुढील वर्षी एकस्व घेतले. टॉमसन यांच्या आधीच्या एकस्वामुळे १८९० मध्ये ते रद्द ठरले. त्याच वर्षी टायर रिमवर पक्का बसविण्याच्या दोन पद्धती पुढे आल्या. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांच्या पद्धतीत टायरची जाड रबरी कड रिमच्या वळविलेल्या काठात अडकत असे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार घातली व रिमच्या मध्यभागी खोलगट भाग ठेवला. आजच्या मोटारींच्या टायरांत व रिममध्ये मुख्यतः वेल्च यांचेच तत्त्व वापरले जाते. येथून टायर व रिम ही एकमेकांच्या मापाने बांधलेली जोडी बनली.

हवेच्या टायरमुळे भार पेलण्याचे काम मुख्यतः दाबाखालील हवेकडे गेले. रबर, कापडी थर व तारा यांचे काम ती हवा कोंडून धरणे, रस्त्याशी पकड ठेवणे आणि झीज सोसणे हे होय. धाव व आरे यांची ताकद डोळ्यांना दिसत असे. हवेचा दाब दिसत नाही. दाब निम्म्यावर आलेला टायरही सहज पाहणाऱ्याला पुष्कळदा ठाकठीक वाटतो. पुढील शतकभरातील प्रमाणीकरणाचा बराचसा भाग ही न दिसणारी क्षमता अंकांत मांडण्याच्या प्रयत्नांचा आहे.

बदली चाकाचा उदय : आरंभीच्या मोटारींत चाक सहज निघत नसे. पंक्चर झाल्यावर रस्त्यातच टायर उतरवून नळी दुरुस्त करावी लागे. यावर उपाय म्हणून वेल्समधील लानेली येथील टॉमस मॉरिस डेव्हिस व त्यांचे बंधू वॉल्टर यांनी १९०४ मध्ये आरे नसलेले, टायर चढविलेले एक कडे तयार केले. ते पंक्चर झालेल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूस पकडींनी जोडून गाडी पुढे नेता येई. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर असल्याने या कड्याला त्या रस्त्याचे नाव मिळाले. मराठीत जादा चाकाला रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द तेथून आला आहे. पुढे निघणारी तारांची चाके व दाबून बनविलेली पोलादी चाके प्रचारात आल्यावर हे कडे मागे पडले. पण संपूर्ण चाक बदलण्याची पद्धत कायमची रूढ झाली. मूळ स्टेपनी मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरती होती. बदली चाक कायमचे वापरावयाचे असेल, तर त्याची क्षमता मूळ चाकाइतकी हवी, हा प्रश्न नंतर पुढे आला.

थर, काजळी व अरीय रचना : पहिल्या टायरांत आडवे-उभे विणलेले कापड असे. त्याचे धागे एकमेकांवर घासून तुटत. जॉन फुलर्टन पामर यांनी १८९३ मध्ये समांतर दोऱ्यांच्या थरांची रचना पुढे आणली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी मिसळल्याने त्याची झीज पुष्कळ कमी झाली. थर जितके अधिक तितका टायर अधिक दाब व भार सोसू शके. त्यामुळे थरांची संख्या हेच क्षमतेचे माप बनले. पुढे अधिक बळकट धागे आल्यावर थोड्या थरांतही तेवढीच ताकद मिळू लागली. तरीही व्यापारात प्लाय रेटिंग हे जुने माप टिकून राहिले. आज ‘८ पीआर’ असे लिहिलेल्या टायरात प्रत्यक्ष आठ थर असतीलच असे नाही.

मिशलॅं या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये अरीय टायरचे एकस्व घेतले व १९४९ मध्ये तो विक्रीस आणला. याच्या सांगाड्यातील दोरे एका कडेकडून दुसरीकडे सरळ जातात व त्यांवर पोलादी तारांचा पट्टा असतो. जुन्या कर्णीय टायरांतील दोरे एकमेकांना तिरपे छेदत. अरीय टायर कमी तापतो, कमी झिजतो व वळणावर रस्ता अधिक चांगला धरतो. दोन्ही प्रकारांची वळणावरील वागणूक भिन्न असल्याने एकाच आसावर ते मिसळणे धोक्याचे ठरते. बिननळीचे टायर प्रचारात आल्यावर रिमवर कडेलगत एक लहान उंचवटा ठेवण्यात येऊ लागला. दाब कमी झाला असता वळणावर टायरची कड रिमच्या खोलगट भागात घसरू नये, हा त्याचा हेतू होय. पुष्कळ जुन्या पोलादी चाकांवर असा उंचवटा नसतो. म्हणून जुन्या निवासी गाडीच्या मूळ चाकांवर नवे बिननळीचे अरीय टायर चढविण्यापूर्वी चाकाची घडण तपासणे आवश्यक असते.

कॅम्पर व्हॅनचा प्रसार : फोक्सवॅगन कंपनीच्या टाइप २ व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले. १९५१ मध्ये जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी घरगुती सोयींचा काढता-घालता येणारा संच तयार केला. इंग्लंडमध्ये १९५२ पासून बेडफर्ड सीए व्हॅनवर बांधलेली ‘डॉर्मोबिल’ लोकप्रिय झाली. पुढे फोर्ड, मर्सिडीझ-बेंझ आणि १९८१ पासून फियाट ड्यूकॅटो यांच्या सांगाड्यांवरही अशी घरे मोठ्या प्रमाणात बांधण्यात येऊ लागली. हा व्यवसाय वाढला तसे वाहनाचे कर्तृत्व विभागले गेले. सांगाडा एका कारखान्याचा, घर दुसऱ्याचे आणि पुढच्या दुरुस्त्या व भर मालकाची, अशी स्थिती निर्माण झाली. मूळ कारखान्याने टायर ठरविताना जो भार गृहीत धरला, तो अखेरपर्यंत तसाच राहिला की नाही हे पाहण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेच राहिली नाही.

भाराची वाढ अनेकदा ध्यानात येत नाही. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली म्हणजे १०० किग्रॅ. वजन वाढते. वायूचे सिलिंडर, जादा विद्युत् घट, छतावरील छत्री, मागे टांगलेल्या सायकली यांची त्यात भर पडते. मागील आसाच्या पलीकडे लोंबणारे वजन तरफेच्या नियमाने पुढील आस हलका करते व मागील आसावर स्वतःच्या वजनाहूनही अधिक भार टाकते. स्वयंपाकाचा ओटा, शीतपेटी व पाण्याची टाकी एकाच बाजूस असल्यास डाव्या व उजव्या टायरांवरील भारही सारखा राहत नाही.

क्षमतेची लिपी : अमेरिकेतील टायर अँड रिम असोसिएशन व १९६४ मध्ये स्थापन झालेली युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटना यांनी टायर, रिम, दाब व भार यांचे परस्परसंबंध कोष्टकांत मांडले. अमेरिकेत १९६६ च्या वाहन-सुरक्षा कायद्यान्वये प्रवासी मोटारींच्या टायरांचे संघीय मानक १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा प्रवासी मोटारींच्या टायरांविषयीचा नियम क्र. ३० हा १९७५ मध्ये आणि व्यापारी वाहनांच्या टायरांविषयीचा नियम क्र. ५४ हा १९८३ मध्ये अंमलात आला. यांमुळे टायरच्या कडेवर भारांक व वेगचिन्ह लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. भारांक ९० म्हणजे ६०० किग्रॅ., १०० म्हणजे ८०० किग्रॅ., १०२ म्हणजे ८५० किग्रॅ. व ११६ म्हणजे १,२५० किग्रॅ. वेगचिन्ह क्यू म्हणजे ताशी १६० किमी. व आर म्हणजे ताशी १७० किमी. ‘१०२/१००’ असे दोन भारांक असल्यास पहिला एकेरी चाकासाठी व दुसरा जोडचाकांतील प्रत्येक टायरसाठी असतो.

या लिपीचे महत्त्व एका मापावरून स्पष्ट होईल. जुन्या कॅम्पर व्हॅनवर ‘१८५ आर १४’ हे माप प्रचलित होते. याच मापाचा प्रवासी मोटारीचा टायर ९० भारांकाचा, तर ‘सी’ हे व्यापारी वाहनाचे अक्षर असलेला टायर १०२ भारांकाचा मिळतो. दोन्ही एकाच चाकावर तितक्याच सुबकपणे बसतात. परंतु एका आसावरील दोन टायर पहिल्या प्रकारात मिळून १,२०० किग्रॅ. व दुसऱ्यात १,७०० किग्रॅ. भार पेलतात. मागील आसाचा अनुज्ञेय भार १,४०० किग्रॅ. असेल, तर पहिली जोडी पूर्ण नवी असूनही अपुरी ठरते. एका अक्षराने पडणारा हा फरक रस्त्यावर प्रथम दिसतो तो बहुधा पूर्ण भरलेल्या गाडीत, उन्हाळ्यात व वेगाने जाताना.

निवासी गाड्यांसाठी पुढे ‘सीपी’ या अक्षरांचे स्वतंत्र टायर निघाले. ‘२१५/७० आर १५ सीपी’ हे त्यांतील एक परिचित माप होय. सततचा जड भार व दीर्घ काळ उभे राहणे गृहीत धरून त्यांचा सांगाडा अधिक मजबूत केलेला असतो. एकेरी चाकांच्या मागील आसावर त्यांत ५.५ बारपर्यंत (सु. ८० पौंड प्रति चौ. इंच) दाब ठेवण्याची तरतूद असते. मोटारींत सर्रास वापरली जाणारी रबरी झडप सु. ४.५ बारपर्यंतच योग्य असल्याने अशा टायरांना धातूची किंवा अधिक दाबाची झडप लागते. टायर योग्य, पण झडप अयोग्य, ही चूक सहज घडणारी आहे.

चाकाची निवड : चाकाच्या बाबतीतही बसणे व पेलणे यांतील भेद तितकाच खरा आहे. फोक्सवॅगनच्या व्हॅनचा इतिहास याचे चांगले उदाहरण होय. आरंभी तिची चाके १६ इंच व्यासाची होती. १९५५ मध्ये ती १५ इंच व १९६३ मध्ये १४ इंच झाली. पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास २०५ मिमी. होता. १९७० च्या मध्यापासून, म्हणजे १९७१ च्या नमुन्यापासून, तो ११२ मिमी. झाला. १९७९ व १९९० मधील पिढ्यांत तो कायम राहिला आणि २००३ मधील पिढीत १२० मिमी. झाला. ११२ मिमी. हे वर्तुळ मर्सिडीझ-बेंझच्या व १२० मिमी. हे बीएमडब्ल्यूच्या प्रवासी मोटारींचेही असल्यामुळे त्यांची शोभिवंत मिश्रधातूची चाके व्हॅनवर चढविण्याची हौस युरोपात पसरली.

बोल्टांचे वर्तुळ जुळले तरी अनेक मापे जुळावी लागतात. २००३ च्या व्हॅनच्या तुंब्याचा मध्यभाग ६५.१ मिमी. आहे, तर बीएमडब्ल्यूच्या बहुतेक चाकांचे मधले छिद्र ७२.६ मिमी. असते; अंतर भरणारे कडे न घातल्यास चाक केंद्रात बसत नाही. बोल्टाचे डोके ज्या खोबणीत बसते ती काही चाकांत शंकूच्या व काहींत गोलाच्या आकाराची असते. शंकूच्या खोबणीत गोल डोक्याचा बोल्ट आवळला, तर धातूचा संपर्क थोड्याच भागावर होतो व बोल्ट सैल होण्याचा धोका राहतो. चाकाच्या मध्यरेषेपासून ते तुंब्यावर टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर, म्हणजे ऑफसेट, बदलल्यास चाकाच्या धारव्यांवरील ताण वाढतो किंवा टायर आतील भागांना घासतो. ड्यूकॅटोच्या २००६ च्या मालिकेत हलक्या सांगाड्यासाठी ११८ मिमी. व जड सांगाड्यासाठी १३० मिमी. बोल्टवर्तुळ होते. त्यामुळे या दोन प्रकारांची चाके चुकूनही अदलाबदल होत नाहीत. जेथे वर्तुळ समान असते तेथे मात्र चाकाच्या आतील बाजूस कोरलेला किलोग्रॅममधील कमाल भार हाच खरा निकष उरतो.

बदली चाकांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र मानके तयार झाली आहेत. जपानमधील ‘जेडब्ल्यूएल’ चिन्ह प्रवासी मोटारींच्या व ‘जेडब्ल्यूएल-टी’ हे ट्रक व बसच्या मिश्रधातू चाकांसाठी आहे. युरोपात प्रवासी वाहनांच्या बदली चाकांचा नियम क्र. १२४ हा २००७ मध्ये अंमलात आला. चाक फिरवीत वाकविणे, भाराखाली ढोलावर चालविणे व आघात करणे या त्यातील प्रमुख चाचण्या होत.

उष्णता व अपघात : टायरचा मोठा शत्रू उष्णता होय. दाब कमी किंवा भार जास्त असल्यास प्रत्येक फेऱ्यात टायरची कड अधिक वाकते आणि त्या वाकण्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेची उष्णता होते. रबर व पोलादी पट्टा यांची पकड सुटू लागते आणि शेवटी वरचा थर अकस्मात निघून जातो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सु. ६५ लाख टायर परत मागविण्याची घोषणा केली. त्यांतील बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांवर होते. टायरचा थर सुटून झालेल्या अपघातांशी तेथील शासकीय यंत्रणेने २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. दोष टायरच्या उत्पादनाचा, गाडीच्या रचनेचा की सुचविलेल्या कमी दाबाचा, यावर दोन्ही कंपन्यांत तीव्र वाद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला. त्यातून नव्या हलक्या वाहनांत दाबदर्शक यंत्रणा आली. सप्टेंबर २००७ पासून ती पूर्णतः सक्तीची झाली. निवासी गाड्यांवर त्यांची माणसे व सामान वाहण्याची क्षमता दर्शविणारी पट्टी लावण्याचा नियमही डिसेंबर २००७ मध्ये करण्यात आला.

वयाचा प्रश्न : निवासी गाडी वर्षातील थोडे दिवस धावते व उरलेले महिने उभी असते. त्यामुळे तिच्या टायरची नक्षी खोल राहते. पण रबर जुने होत जाते. ऊन व ओझोन यांनी त्याला बारीक चिरा पडतात. टायर फिरत राहिला, तर रबरातील संरक्षक द्रव्ये पृष्ठाकडे येत राहतात; उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते. युरोपातील १.६ मिमी. या किमान खोलीच्या निकषात असा टायर सहज उत्तीर्ण होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात हाइंडहेडजवळ एका प्रवासी बसचा पुढील टायर फुटून झालेल्या अपघातात तिघांचा मृत्यू झाला. तो टायर १९ वर्षांचा होता. मृतांपैकी एका तरुणाच्या कुटुंबाने चालविलेल्या चळवळीनंतर इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून बस व जड मालगाड्यांच्या पुढील आसावर आणि मिनीबसच्या एकेरी चाकांवर १० वर्षांपेक्षा जुने टायर वापरण्यास बंदी झाली. निर्मितीची तारीख कडेवरील चार अंकांत असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीन अंक असलेला टायर सन २००० पूर्वीचा असतो व त्याच्या नक्षीचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

निवडीचा क्रम : या इतिहासातून निवडीची एक रीत सिद्ध झाली आहे. प्रथम गाडी पाणी, इंधन, सामान व माणसे यांसह वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसाचा, शक्य असल्यास प्रत्येक चाकाचा, भार स्वतंत्रपणे मोजावा. तो भार व सांगाड्याच्या पट्टीवरील अनुज्ञेय भार यांची तुलना करावी. आसाच्या अनुज्ञेय भाराच्या निम्म्याहून कमी क्षमतेचा टायर किंवा चाक स्वीकारू नये. एकूण वजन मर्यादेत असूनही एक आस मर्यादेबाहेर असू शकतो. अशा वेळी अधिक क्षमतेचा टायर बसविल्याने टायर वाचतो, परंतु आस, धारवे व ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. उपाय वजन कमी करण्याचाच असतो. त्यानंतर माप, रचना, वेगचिन्ह, निर्मितीची तारीख, रिमची रुंदी व झडप यांचा विचार होतो. रूप व किंमत यांचा क्रम शेवटचा. चाक बदलल्यावर थोड्या अंतरानंतर बोल्ट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळून पाहावे लागतात.

भारत : भारतात मोटारींच्या हवा भरलेल्या टायरांच्या गुणवत्तेवर २००९ च्या केंद्रीय आदेशाने नियंत्रण आले. प्रवासी मोटारींच्या टायरांसाठी आयएस १५६३३ व व्यापारी वाहनांच्या टायरांसाठी आयएस १५६३६ ही भारतीय मानके आहेत. निवासी गाड्यांच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे वाहन-उद्योग मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केरळनेही अशीच योजना जाहीर केली. सह्याद्रीच्या घाटांतील लांब उतार, उन्हाळ्यातील तापलेले रस्ते व पावसाळ्यातील खड्डे यांत भरलेल्या निवासी गाडीच्या टायरांची कसोटी लागते. उतारावर ब्रेकांची उष्णता चाकात व तेथून टायरच्या कडेत जाते. खड्ड्याच्या आघाताने रिम वाकते किंवा आतील दोरे तुटून टायरच्या कडेवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त करण्याजोगा नसतो.

तुंबा व आरे यांच्या काळात चाकाची कुवत सुतार व लोहार नजरेने जोखीत. हवेच्या टायरने ती कुवत दृष्टीआड केली आणि मानकांनी ती अंकांच्या रूपाने पुन्हा समोर आणली. मात्र गाडीवर प्रत्यक्ष किती भार आहे हे त्या अंकांत नसते. ते वजनकाट्यावरच कळते.